सर जॉन फास्टॉल्फ खरोखरच भित्रा होता का?

तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातील या सरदाराची अर्धी हयात फ्रान्समधील शतवार्षिक युद्धात गेली. फेब्रुवारी १४२९ मध्ये ऑर्लेआँच्या वेढ्यातील इंग्रज सैन्यासाठी मांस वर्ज्य असलेल्या ख्रिस्ती उपवासकाळातील खारवलेल्या हेरिंग माशांची रसद नेताना रूव्रे येथे शत्रूने गाठले, तेव्हा त्याने गाड्यांचेच कडे करून, त्याआडून धनुर्धारी लढवून मोठ्या फौजेला परतवले. त्याच वर्षी १८ जूनला पाते येथे मात्र इंग्रजांची दाणादाण उडाली. उरलेली माणसे घेऊन तो मागे हटला आणि भ्याडपणाचा ठपका त्याच्यावर आला. पुढे तो दोषमुक्त झाला, पण बदनामी चिकटली ती चिकटलीच. शेक्सपिअरच्या नाटकांतील फॉल्स्टाफ या भित्र्या, विनोदी पात्राचे नावही त्याच्याच नावावरून आले, स्वभाव मात्र नव्हे.

व्यवहारात तो पक्का, किंबहुना चिकट होता. १४०९ मध्ये श्रीमंत विधवेशी झालेला विवाह आणि युद्धातील कमाई यांतून त्याने जमिनी जोडल्या, केस्टर येथे विटांचा किल्ला बांधला. १४५९ मध्ये तो निपुत्रिक वारला. मृत्युपत्रावरून वाद पेटला आणि १४६९ मध्ये नॉरफकच्या ड्यूकने, वारसा सांगणाऱ्या पॅस्टन कुटुंबाकडून तो किल्ला वेढा घालून घेतला.