मरिनर्सचा २००१चा हंगाम बघताना

सिएटल मरिनर्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा २००१चा हंगाम समजून घ्यायचाय ना? मग शेवटापासून सुरुवात करू नकोस. न्यूयॉर्क यांकीजनी ऑक्टोबरमध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत ४-१नं हरवलं, एवढंच वाचून लोक पान उलटतात. मला ते आजही टोचतं. आधी १६२ सामन्यांतले ११६ विजय बघ. रँडी जॉन्सन, ग्रिफी, अलेक्स रॉड्रिगेझ, तिघेही बडे खेळाडू आधीच्या तीन वर्षांत संघातून गेले होते! आणि जपानहून आलेल्या इचिरोनं पहिल्याच वर्षी २४२ हिट्स मारल्या, म्हणजे तितक्यांदा चेंडू टोलवून बेस (धावताना गाठायचा टप्पा) गाठला. पण आकड्यांच्याही आधी त्याची एप्रिलमधली ओकलंडची फेक शोधून बघ: राइट फील्डमधून, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाकडून, थेट तिसऱ्या बेसवर, तिकडे धावणारा ओकलंडचा टेरेन्स लाँग बाद. मी ती शंभरदा तरी पाहिली असेन. मग धावफलक एप्रिलपासून क्रमानं वाच. ऑक्टोबर अगदी शेवटी.