मे महिन्यात कोकणात गाडी चालवताना जास्त पेट्रोल न जाळता गारवा कसा राखायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्याच्या सुट्टीत ठाण्याहून गुहागरला स्वतःच्या छोट्या पेट्रोल गाडीने जायचंय, सोबत वयस्कर आई-वडील आहेत. एसी लावला की पेट्रोलचा काटा भराभर उतरतो, काचा उघडल्या की घामाच्या धारा लागतात. आणि निघण्याआधी एसीचा गॅस भरून घ्यावा का, हेही तुम्ही विचारलंय.

मी चिपळूणचा. माझी गाडी भाड्याने चालते, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, दापोली याच पट्ट्यात. पेट्रोल माझ्या खिशातून जातं आणि मागे बसलेल्याला उकडलं तर तो पुन्हा फोन करत नाही. त्यामुळे या दोन्हींचा मेळ मला रोजच घालावा लागतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. विदर्भात, खानदेशात ४४-४५ अंशांतही ओला पंचा मानेवर टाकून माणूस तग धरतो, कारण तिथल्या कोरड्या हवेत पाणी पटकन सुकतं आणि सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातं. आमच्या किनाऱ्यावर पारा ३४-३५ च्या आसपासच असतो, पण हवेत आधीच इतका दमटपणा की घाम सुकायचं नाव घेत नाही. म्हणून कोकणात गाडीच्या एसीला दोन कामं पडतात: हवा गार करायची आणि हवेतलं पाणी काढायचं. हे दुसरं काम फार जड. एक लिटर वाफेचं पाणी करायला जेवढी उष्णता ओढून घ्यावी लागते, तेवढ्या उष्णतेत आठेक लिटर पाणी उकळीला येईल! गाडी उभी केल्यावर बॉनेटच्या मागच्या बाजूने खाली टपटप पडणारं पाणी पाहिलंत ना? ते सगळं तुमच्या पेट्रोलवर निघालेलं पाणी आहे, कारण एसीचा काँप्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो.

म्हणून माझं साधं सांगणं आहे: एकदा कोरडी केलेली हवा गाडीतून बाहेर जाऊ देऊ नका.

डॅशबोर्डवर एक बटण किंवा सरकपट्टी असते, गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण. ते दाबलं की बाहेरची हवा घेणं बंद होतं आणि आतलीच हवा पुन्हा पुन्हा एसीतून फिरते. कोकणात या बटणाचं मोल फार मोठं. बाहेरून हवा घेत राहिलात तर एसी दर मिनिटाला नवा दमटपणा पिळत बसतो. काच दोन बोटं खाली ठेवून एसी लावायची सवय पुष्कळांना असते, मोकळं वाटतं म्हणून. तेही इथे पेट्रोल वाया घालवणंच आहे. फक्त एक पथ्य पाळा. चार माणसं बंद हवेत बसली की डोकं जड होतं, चालवणाऱ्याला पेंग येते. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने दोन-तीन मिनिटं बाहेरची हवा घ्यायची आणि पुन्हा बटण दाबायचं.

पण उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसल्याबसल्या हे बटण दाबू नका. तेव्हा आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापलेली असते. आधी डावीकडची मागची काच पूर्ण खाली करा आणि ड्रायव्हरचा दरवाजा पाच-सहा वेळा उघडझाप करा, आतला भपकारा बाहेर पडतो. मग सगळ्या काचा उघड्या ठेवून थोडं अंतर जा, काचा लावा, एसी सुरू करा आणि तेव्हा बटण दाबा. गाडी जागेवर उभी करून, इंजिन चालू ठेवून आत गार होण्याची वाट पाहण्यात काही अर्थ नाही. गाडी चालली की एसीही जोर धरतो आणि जाळलेल्या पेट्रोलवर वाट तरी कापली जाते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचंही हेच म्हणणं आहे. कडक उन्हाळ्यात एसीमुळे गाडीचं मायलेज २५ टक्क्यांहूनही जास्त घसरू शकतं आणि हा फटका छोट्या अंतरात जास्त बसतो, असं ते सांगतात. कारण सरळ आहे, सुरुवातीची ती तापलेली गाडी निववण्यातच एसीचा खरा दम लागतो. एकदा आत गारवा बसला की तो टिकवायला तेवढं लागत नाही. तेव्हा गुहागरात पोचल्यावर देवळापासून किनाऱ्यापर्यंतच्या दोन मिनिटांसाठी एसी लावू नका, आणि महाड ते खेड सलग चालताना लावायला संकोच करू नका.

आता तापमानाच्या नॉबबद्दल. पुष्कळ जण तो मध्यावर आणतात, म्हणजे पेट्रोल वाचेल या समजुतीने. साध्या, हाताने फिरवायच्या एसीत तसं होत नाही. तिथे हवा आधी पूर्ण गार होते आणि नॉब लालकडे नेला की तिच्यात हीटरची गरम हवा मिसळली जाते. काँप्रेसरने आपलं काम केलेलंच असतं. अशा गाडीत नॉब पूर्ण निळ्यावर ठेवा आणि ब्लोअर कमी करा. सुरुवातीला तीनवर, गार झालं की एकवर. ब्लोअर मंद असला की एसीच्या जाळीवरून हवा कमी जाते, ती लवकर गार होते आणि काँप्रेसर मध्येमध्ये स्वतःच बंद पडत राहतो. कान देऊन ऐकलंत तर ‘टक्’ असा आवाज येतो आणि गाडी किंचित हलकी झाल्यासारखी वाटते. तो आवाज जितक्या वेळा, तितकी बचत. अंशांचे आकडे दाखवणारा ऑटोमॅटिक एसी असेल तर मात्र २५ वर ठेवा आणि हात लावू नका. १८ ला नेऊन थंडी वाजली की २६, असं वर-खाली केल्याने काहीच साधत नाही.

काचा उघड्या की एसी, याचं उत्तर वेगावर आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट. गावातून, बाजारातून, चिपळूण-गुहागर रस्त्यावरच्या मार्गताम्हाण्याच्या वळणांवरून ताशी चाळीसने जाताना काचा उघड्या ठेवल्याने पेट्रोलला फारसा फरक पडत नाही. ताशी साठ-सत्तरच्या वर गेलात की काचा लावून एसी बरा. काचा उघडायच्या तर चारही उघडू नका, पुढची एका बाजूची आणि मागची दुसऱ्या बाजूची उघडा. वारा तिरका आरपार जातो आणि मागे बसलेल्या आईच्या डोळ्यांत धूळही कमी जाते. टपावर कॅरिअर लावून सामान बांधत असाल तर ते आधी उतरवा. हायवेच्या वेगाला टपावरची बॅग कधीकधी एसीहून जास्त पेट्रोल खाते.

घाट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे गारवा अक्षरशः फुकट मिळतो. खेडनंतर लोट्याहून पुढे आलात की चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाटाचा उतार लागतो. तिथे तिसरा गिअर ठेवा आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढा. आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनला पेट्रोल जाणंच थांबतं, चाकंच इंजिन फिरवतात. म्हणजे काँप्रेसरही उतारावरच्या वजनाने फिरतो. मीटरवर चालू मायलेजचा आकडा दिसत असेल तर तो त्या वेळी टोकाला जाऊन बसलेला दिसेल. उतारावर ब्लोअर तीनवर टाकून गाडी पोटभर गार करून घ्या, वशिष्ठीच्या पुलापर्यंत बिनखर्चाचा गारवा. काही जण उतारावर न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचतं म्हणून. ते कृपा करून करू नका! न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं, ब्रेक तापतात आणि वळणावर गाडी हातात राहत नाही.

परतीला याच्या उलट. पूल ओलांडला की चढणीच्या पायथ्याशी एसी बंद करा, ब्लोअर एकवर आणि आतली हवा फिरवायचं बटण तसंच दाबलेलं. कोरडी गार हवा वरपर्यंत पुरते आणि इंजिनला पूर्ण ताकद मिळते. भरलेली छोटी गाडी चढणीला एसी लावून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत नेली तर पेट्रोल तर जातंच, तापमानाचा काटाही वर सरकतो. काटा लालकडे जाताना दिसला तर एसी बंद, काचा उघड्या आणि हीटर पूर्ण चालू करा. दोन मिनिटं सगळ्यांना त्रास होईल, पण हीटर इंजिनची उष्णता ओढून घेतो आणि तेवढ्यात गाडी बाजूला घेता येते. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायला मात्र जाऊ नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं.

वेळेचं म्हणाल तर पहाटे चारच्या आसपास ठाणं सोडा. माणगाव-इंदापूरच्या बाजारपेठेत सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते आणि रांगेत उभं राहून एसी चालवणं हा सगळ्यात महागडा गारवा. तो टप्पा उजाडता पार झाला पाहिजे. महाड, पोलादपूर, खेड ही डोंगरांच्या कुशीतली गावं. तिथे खाऱ्या वाऱ्यांची झुळूक पोचत नाही, दुपारी ती किनाऱ्यापेक्षा जास्त तापतात. पहाटे निघालात तर जेवणाआधी गुहागर. पहाटेच्या दमट हवेत पुढच्या काचेवर बाहेरून धुकं धरतं, तेव्हा घाबरू नका. एसीचा झोत काचेवरून काढा आणि वायपर एकदा फिरवा.

आणखी एक बारकावा. सकाळी दक्षिणेला जाताना ऊन डाव्या अंगाने येतं. परतताना दुपारनंतर निघालात तर तोंड उत्तरेला, म्हणजे तेव्हाही ऊन डावीकडूनच. म्हणून दोन्ही वेळा वडिलांना किंवा आईला ड्रायव्हरच्या मागे, उजवीकडे बसवा. डाव्या खिडकीला आतून सुती कापड किंवा काढता येणारी जाळी लावा, पण चालवताना आरसा झाकला जाणार नाही असं बघा. काळ्या फिल्मच्या नादी लागू नका. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे.

गाडी लावताना आत्ताची सावली बघू नका, दोन तासांनी कुठे सरकेल ते बघा. सकाळी लावत असाल तर झाडाच्या पूर्वेला लावा, दुपारनंतर सावली तिकडेच येते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडे भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, भिंतीची सावली नावालाही उरत नाही. तेव्हा आंबा, फणस, वड असं डेरेदार झाडच शोधा. नारळाखाली गाडी लावू नका. सावली विरळ आणि नारळ पडला तर काच गेली. पुढच्या काचेला आतून पुठ्ठा लावा, स्टिअरिंगवर कापड टाका. आणि पाच मिनिटांसाठीसुद्धा आई-वडिलांना किंवा लहान मुलाला बंद गाडीत बसवून ठेवू नका. दहाएक मिनिटांतच आतला पारा दहा अंशांनी चढतो.

गुहागरात सगळे हमखास करतात ती गोष्ट म्हणजे समुद्रात डुंबून ओल्या कपड्यांनीच गाडीत बसणं. त्या कपड्यांतलं सगळं पाणी आतल्या हवेत येतं, काचा धुरकट होतात आणि एसी तास-दीड तास तेच पाणी पिळत राहतो. किनाऱ्यावर सुरूच्या बनात कपडे बदला, ओले कपडे पिशवीत घट्ट बांधून डिकीत टाका. सीटवर ओला टॉवेल अंथरू नका.

आई-वडिलांसाठी पातळ सुती कपडे, आणि तहान लागायची वाट न बघता दर तासाला थोडं थोडं पाणी. वाटेत कोकम सरबत, ताक, शहाळं कुठेही मिळेल. मीठ घातलेलं ताक मला सगळ्यात बरं वाटतं, घामातून मीठही जातं ना. रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य असेल तर शहाळंच द्या, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना विचारून. चक्कर, मळमळ, असंबद्ध बोलणं, अंग तापलेलं असं काही दिसलं तर तिथे पेट्रोलचा विचार करायचा नाही. एसी पूर्ण चालू, अंग ओलं करून वारा आणि सरळ जवळचा दवाखाना. जेवणानंतर एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपायचा मोह होईल, तोही टाळा. उभ्या गाडीचा धूर आत शिरला तर जिवावर बेततं.

राहिला गॅस. एसीची यंत्रणा बंद असते, गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. गारवा चांगला येत असेल तर दरवर्षी गॅस भरायची काही गरज नाही. आधी केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, काढून बघा. लाल धुळीने तो बुजला असेल तर ब्लोअर कितीही वाढवला तरी हवा येत नाही. पुढच्या जाळीमागे रेडिएटरच्या पुढे एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर असतो, तो हलक्या पाण्याने धुऊन घ्या, जोराच्या फवाऱ्याने त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना, कंपनीने दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच भरा. दुपारी टायर तापून आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडू नका. एवढं करूनही गारवा कमी असेल तर बहुधा गॅस कुठून तरी गळतोय. मेकॅनिकला आधी गळती शोधून दाखवायला सांगा, ती बंद झाली की मगच गॅस भरा.