वही तुझ्या हातात असू दे

नागपूर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

दोन वर्षं वाट पाहून शेवटी मूल होण्याच्या उपचारांसाठी धंतोलीतल्या दवाखान्यात नाव घातलंत, बरं केलंत. वर्षभर नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत तर तपासून घ्यायचं असतं. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. ‘मी तिच्या पाठीशी आहे’ असं तू बायकोबद्दल लिहिलंस. पाठीशी राहून नेमकं काय करायचं, ते सांगायला हे पत्र. सुया तिच्या पोटात जातील, भूल तिला मिळेल, हार्मोन्सनी जीव तिचा कावेल. त्यातलं तुला काही वाटून घेता येणार नाही. पण घड्याळ, फ्रीज आणि फाइल ही खाती पूर्णपणे तुझी. एक जाड वही घे आणि सगळ्या तारखा, वेळा, डोस तूच लिहीत जा.

वहीतलं पहिलं पान तुझ्या स्वतःच्या तपासणीचं. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही ना काही कारण निघतं, तरी आपल्याकडे बाईच्या गर्भनळ्यांचा एक्स-रे आधी होतो आणि नवऱ्याची वीर्यतपासणी महिनोन्‌महिने राहून जाते. तिची तपासणी दुखणारी आहे, तुझी नाही. तेव्हा तुझी आधी. संबंधाला किमान दोन, जास्तीत जास्त सात दिवसांची विश्रांती हवी. नमुना देताना तेल, क्रीम, थुंकी काही वापरायचं नाही, साधा कंडोमही नाही. पहिले थेंब कपाबाहेर गेले तर लाजू नको, लॅबमध्ये सांग. सगळ्यात जास्त शुक्राणू त्याच थेंबांत असतात आणि रिपोर्ट उगाच वाईट येतो. नमुना घरून न्यायचा असेल तर कप अंगालगत धरून तासाभरात पोचला पाहिजे. मानेवाड्याहून जमेल, काटोलहून नाही.

रिपोर्ट हातात आला की घाबरण्याआधी आकडे नीट वाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेतली खालची मर्यादा अशी: प्रमाण १.४ मिलीलिटर, दर मिलीलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के आणि आकाराने ठीक असलेले फक्त ४ टक्के. ‘९६ टक्के खराब’ असं वाचून पुष्कळ पुरुष खचतात. बाप झालेल्या पुरुषांचेही आकडे असेच असतात, त्यांच्यावरूनच ही मर्यादा ठरवली आहे. एका रिपोर्टवर निकाल लावायचा नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून आज दिसतो तो तेव्हाचा माल असतो. मधल्या काळात डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपास.

त्या तीन महिन्यांत खर्रा बंद. कमी करतो, फक्त जेवणानंतर खातो, असलं काही चालायचं नाही. तंबाखू शुक्राणूंची संख्याही पाडते आणि हालचालही. आणि जिममध्ये कुणी ‘बॉडी’साठी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं असेल तर डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांग. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना हुकूम देणं थांबवतो आणि आकडा शून्यावर येऊ शकतो. सुई बंद केल्यावर बहुतेकांचा परत वर येतो, पण कित्येक महिने जातात.

आणखी एक तपासणी दोघांनीही करायचीच: सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्या विदर्भात ती टाळून चालत नाही. दोघंही वाहक निघालात तर प्रत्येक गर्भाला चारात एक इतका धोका असतो, आणि ते गर्भ तयार करण्याआधी कळलं तर उपाय करता येतो.

तिच्या बाजूचं थोडक्यात. पाळीचा पहिला दिवस म्हणजे लाल स्राव नीट सुरू झाला तो. नुसते डाग मोजायचे नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी आणि हार्मोन्सची तपासणी, पाळी थांबल्यावर पण पहिल्या दिवसापासून मोजून दहाव्या दिवसाच्या आत नळ्यांचा एक्स-रे. एएमएच ही रक्ततपासणी कुठल्याही दिवशी चालते. त्यातून स्त्रीबीजं किती शिल्लक आहेत याचा अंदाज येतो, ती चांगली की वाईट हे कळत नाही. नळ्या बंद निघाल्या तर क्षयाचा शोध घ्यावा लागतो, आपल्या देशात ते कारण बरंच आढळतं. फॉलिक ॲसिड तिने आत्तापासूनच सुरू करावं. नळ्या मोकळ्या आणि तुझा रिपोर्ट बरा असेल तर डॉक्टर आधी आययूआय सुचवतील, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं. एका वेळेला शंभरात दहा-पंधरा जोडप्यांना यश येतं, म्हणून तीन-चारदा करून थांबतात आणि पुढचा विचार करतात.

आयव्हीएफला, म्हणजे बीजं बाहेर काढून लॅबमध्ये फलित करण्याच्या उपचाराला लागलात की तुझा फ्रीज कामाला येतो. बीजवाढीची इंजेक्शनं आठ ते बारा दिवस चालतात, आणि ती बहुतेक २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. दाराच्या कप्प्यात नको, दर उघडझापीला गरम हवा लागते. बर्फाच्या कप्प्याला टेकूनही नको. एकदा गोठलेलं औषध परत पातळ झालं तरी उपयोगाचं राहत नाही. मधल्या फळीवर, प्लास्टिकच्या डब्यात, झाकण लावून. वापरायला काढलेलं इंजेक्शनचं पेन काही दिवस बाहेर चालेल असं कागदावर लिहिलेलं असतं, पण तिथे बाहेर म्हणजे २५ अंश. मे महिन्यात कूलर लावूनही आपल्या खोलीत २५ अंश कुठले? गंजीपेठेतल्या दवा बाजारात स्वस्त पडतं, तिथून जरूर आण. जाताना आइसपॅक टाकलेला डबा ने, आणि पॅक व औषध यांच्यात रुमालाची घडी घाल. स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नको. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी ती तव्यासारखी तापते.

इंजेक्शन घरी देता येतं. पहिल्यांदा सिस्टरसमोर देऊन बघ. हात धुवायचे, बेंबीपासून तीन बोटं सोडून कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत घालायची, पेनचं बटण तळाला जाईपर्यंत दाबायचं आणि सुई आतच ठेवून दहा आकडे मोजायचे. घाईने काढली की औषधाचा थेंब कातडीवर दिसतो. तेवढा डोस वाया गेला. काढल्यावर पेनच्या खिडकीत शून्य दिसलं पाहिजे. ७५ दिसलं तर औषध संपलं आणि तेवढी युनिटं द्यायची राहिली, ती नव्या पेनमधून द्यायची. भुकटीची बाटली असेल तर पाणी घालून हलवू नको, फेस येतो. तळहातांत धरून हळू फिरव. इन्सुलिनच्या सिरिंजवरचे आकडे इन्सुलिनचे असतात, ते या औषधाची युनिटं समजून भरू नको. आज डावी बाजू, उद्या उजवी. वेळ रोज एकच.

मग येते ट्रिगरची, म्हणजे बीजं शेवटची पिकवणारी सुई. सगळ्यात जास्त जप तिला. मोठी फॉलिकल (बीजाच्या पिशव्या) १८-२० मिलिमीटरची झाली की ती देतात आणि साधारण छत्तीस तासांनी बीजं काढतात. गुरुवारी सकाळी साडेनऊला बीजं काढायची असतील तर सुई मंगळवारी रात्री साडेनऊला. उशीर झाला तर बीजं नीट पिकत नाहीत, फार लवकर दिली तर काढण्याआधीच फुटतात. तेव्हा मोबाईलमध्ये दोन गजर लाव, सुई टोचल्याची वेळ मिनिटासकट वहीत लिही. चूक झाली, सुई वाकली, औषध सांडलं, तर त्याच क्षणी दवाखान्यात फोन कर. लपवलेली चूक दुरुस्त करता येत नाही. त्या सकाळी तुलाही नमुना द्यायचा असतो आणि ताणामुळे तो कित्येकांना देता येत नाही. म्हणून एक नमुना आधीच गोठवून ठेवायला सांग.

पुढचे पाच दिवस लॅबचे फोन तू घे. ही उतरती भाजणी असते, ते तिला आधीच सांगून ठेव. बारा फॉलिकल दिसली, दहा बीजं निघाली, त्यातली आठ पक्व, सहा फलित झाली आणि पाचव्या दिवशी दोन-तीन गर्भ उरले, तर तो चांगला हिशेब आहे. नाहीतर दर फोनला काहीतरी हातून गेल्यासारखं वाटतं.

याच दिवसांत तिचं वजन रोज सकाळी बघ. दिवसात किलोभर वाढलं, पोट ताठ झालं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. बीजं खूप तयार झालेल्या, विशेषतः पीसीओएस (अंडाशयात पुष्कळ बारीक फॉलिकल असण्याचा त्रास) असलेल्या बायकांना हे होतं. डॉक्टर अशा वेळी सगळे गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात गर्भाशयात सोडतात. तो उशीर भल्याचाच असतो.

गर्भ सोडताना तिचं मूत्राशय भरलेलं हवं, सोनोग्राफीत गर्भाशय नीट दिसतं. नंतर महिनाभर खाटेवर झोपून राहायची गरज नाही. चालल्याने गर्भ पडत नाही. गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचा डोस मात्र एकही चुकता कामा नये, थोडे डाग दिसले तरी मनाने थांबवायचं नाही. घरच्या पट्टीवर रोज तपासू नका, एचसीजीचा (पट्टी ओळखते त्याच हार्मोनचा) ट्रिगर दिला असेल तर तो आठ-दहा दिवस पट्टी खोटी लाल करू शकतो. सांगितलेल्या तारखेला रक्ताची बीटा एचसीजी ही गरोदरपणाची तपासणी करा, आणि दोन दिवसांनी परत. एका आकड्यापेक्षा तो वाढतोय की नाही, याला महत्त्व.

या दिवसांत कुणाकडे डोहाळजेवण असेल, ओटी भरायचं बोलावणं असेल, तर ‘आम्हाला जमणार नाही’ हे तू सांगायचं. तिला कारण शोधायला लावू नको. तुझ्या आईनेही विचारलं तर उत्तर तुझ्याकडून जाऊ दे.

पैशांचं बोलणं लेखी घे: पॅकेजमध्ये औषधं, इक्सी (बीजात सुईने एकच शुक्राणू सोडणं), गोठवणं आणि गोठवलेला गर्भ सोडणं धरलंय की वेगळं. सहाय्यक प्रजननाच्या २०२१च्या कायद्याखाली दवाखान्याची नोंदणी आहे ना, ते प्रमाणपत्र बघ. वयाची अटही त्याच कायद्यात आहे, बाईसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५. मुलगाच होईल असं कुणी सुचवलं तर तिथून उठ. तो गुन्हा आहे.

बीटा चांगली आली की आठवडे असे मोज: पाच दिवसांचा गर्भ सोडला तो दिवस म्हणजे दोन आठवडे पाच दिवस. सहा-सात आठवड्यांच्या सोनोग्राफीत ठोके दिसतात. त्याआधी एका बाजूला पोटात जोरात दुखलं, खांदा दुखला किंवा चक्कर आली तर थेट दवाखान्यात न्या, आयव्हीएफनंतरही गर्भ नळीत राहू शकतो. प्रोजेस्टेरॉन कधी थांबवायचं, ते डॉक्टर तारीख लिहून देतील. आणि गोठवलेले गर्भ उरले असतील तर त्यांच्या साठवणीचे पैसे भरायची तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव. बाळाच्या गडबडीत तीच नेमकी विसरते.