पांढरे पडलेले प्रवाळ मेलेलेच असते का?

प्रश्न : मे महिन्यात मालवणच्या सागरी अभयारण्यात स्नॉर्केलिंग करताना काही प्रवाळे तपकिरी, तर काही पांढरीशुभ्र दिसली. पांढरी मेलेली आहेत, असे सोबतच्या वाटाड्याने सांगितले. प्रवाळांची प्रकृती केवळ रंगावरून ठरवता येते का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नाही. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला बहुतांश अन्न पुरवतात आणि तपकिरी रंगही त्यांचाच असतो. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल सरासरीपेक्षा सुमारे १ अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले की प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकते आणि पारदर्शक झालेल्या त्याच्या देहातून आतला चुन्याचा सांगाडा पांढरा दिसू लागतो. खरड छाटणीनंतर उघडीबोडकी झालेली द्राक्षबाग मेली, असे आपल्याकडचा बागायतदार म्हणणार नाही. फरक इतकाच की वेलीची छाटणी हेतूने होते आणि प्रवाळाची मात्र उपासमार होत असते. खरोखर मेलेला सांगाडा फार काळ पांढरा राहत नाही, कारण त्यावर लवकरच शेवाळ चढते.

अभ्यासक समुद्रतळावर मोजपट्टी अंथरतात आणि तिच्याखाली जिवंत प्रवाळ, शेवाळ, वाळू, खडक यांची लांबी किती भरते ते नोंदवतात. २० मीटरच्या पट्टीखाली ५ मीटर जिवंत प्रवाळ आढळले, तर आच्छादन २५ टक्के. हा आकडा सर्वत्र मिरवला जातो, पण माझ्या मते एकट्याने तो फारसे काही सांगत नाही. त्याच जागी पुढच्या वर्षी किती भरले, नवी इवलीशी प्रवाळे खडकावर रुजत आहेत का आणि शेवाळ खाणारे मासे टिकून आहेत का, हे पाहिल्याशिवाय निदान अपुरेच राहते.

मालवणचे अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. तेथील प्रवाळे गढूळ पाण्यात खडकांवर विखुरलेली असल्याने त्यांची तुलना लक्षद्वीपच्या प्रवाळद्वीपांशी करणे अन्यायाचे ठरेल. आपण छायाचित्रे काढली असतील, तर तारखेसह जपून ठेवावीत आणि दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, तीच प्रवाळे पुन्हा पाहावीत. रंग परतलेला असेल, तर वाटाड्याचे निदान चुकले होते. शेवाळ चढलेले असेल, तर एक तर तो खरा होता किंवा ती प्रवाळे नंतर दगावली.