पुण्यात ब्रुअरीच्या बागेत नि मुलांच्या खेळायच्या जागेत कमी पाण्यात काय लावावं?

लॉन आधी विसरा, उन्हाळ्यात टँकर मागवून मागवून जीव जाईल. सावलीला कडुनिंब, करंज लावा, खाली खडी टाका म्हणजे पाणी मुरतं, जर्मनीतल्या जुन्या बिअर गार्डनमध्ये पण चेस्टनटची झाडं नि खडीच असायची, तळघरातली बिअर थंड राहावी म्हणून. पुण्यात साधारण ७०० मिमी पाऊस पडतो, १००० स्क्वेअर फूट छतावरून ५० हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं, ते टाकीत घ्या नाहीतर बोअरमध्ये सोडा. बिअर बनवून उरलेलं धान्य ओलं असतानाच गोठ्यात द्या, राहिलं तर कंपोस्टमध्ये सुक्या पाल्याबरोबर, नुसतं टाकलंत तर असला वास मारतो की गिऱ्हाईक पळेल! आणि खेळायच्या जागेजवळ कण्हेर अजिबात नको, विषारी असते.