शकुंतलेतलं पाखरू

विचारणा अशी : ‘शकुंतला’ आणि ‘शाकुंतल’ यांत फरक काय? आणि शकुंतला म्हणजे ‘शुभशकुनाची’ हे खरं का? मुलीचं नाव ठेवायचंय.

पहिलं चटकन उरकतो. शकुंतला ही नायिका, शाकुंतल हे तिच्यावरचं कालिदासाचं नाटक, पूर्ण नाव ‘अभिज्ञानशाकुंतल’. एखाद्याविषयी रचलेल्या ग्रंथाला त्याच्यावरून नाव देण्याची सोय पाणिनीनेच करून ठेवलीय. तरी निवेदक ‘शाकुंतला आश्रमात वाढली’ म्हणतात आणि माझं डोकं उठतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीही ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात मराठीतून ‘शाकुंतल’च रंगभूमीवर आणलं; ‘शाकुंतला’ कुणीच नाही.

शुभशकुन ही उलटी गंगा. शकुन म्हणजे आधी पक्षी. त्याच्या उडण्या-ओरडण्यावरून पुढचं ताडायचे, म्हणून मग त्या संकेतालाही शकुन. ‘पैल तो गे काऊ कोकताहे’मध्ये शकुन सांगतो तो कावळाच. (शकुनीमामाही शब्दाने पक्षीच. घ्या शुभ!) शकुंत हाही पक्षी. मेनकेने टाकलेल्या पोरीला निर्जन वनात शकुंतांनी राखलं म्हणून शकुंतला, असं महाभारतात कण्वच सांगतात.

कालिदासाने हे पाखरू किती जपलंय पाहा. पाचव्या अंकात दुष्यंत तिला हिणवतो, कोकिळा आपली पिलं दुसऱ्या पाखरांकडून वाढवून घेते म्हणून. कुणाला म्हणतो हे? पाखरांनीच सांभाळलेल्या पोरीला! आणि सातव्यात तापसी मातीचा मोर आणून शकुंतलेच्या छोट्या सर्वदमनाला म्हणते (ती बोलते प्राकृत, ही संस्कृत छाया) : ‘शकुन्तलावण्यं प्रेक्षस्व’. शकुंत-लावण्य, पाखराचं देखणेपण. पोराच्या कानी पडतं ते नुसतं ‘शकुंतला’, आणि ते विचारतं, माझी आई कुठाय? बाजूला उभ्या राजाला तिथे कळतं, याच्या आईचं नाव काय ते.

विल्यम जोन्सने १७८९च्या इंग्रजी भाषांतराला ‘द फेटल रिंग’ असं उपनाव दिलं आणि सगळा मान अंगठीला गेला. महाभारतात ना अंगठी, ना शाप. तिथे आकाशवाणीच तिच्या बाजूने साक्ष देते. नाटकात शापाने गेलेली राजाची स्मृती अंगठीने परत येते, कबूल. पण बायकोचा पत्ता? तो लागतो मातीच्या मोरामुळे. माझ्या लेखी शीर्षकातलं ‘अभिज्ञान’, म्हणजे ओळख, या मोराशिवाय पुरं होत नाही. पंडित अंगठीकडेच बोट दाखवतात, दाखवोत बापडे.

हां, मुलीचं नाव. शकुंतला खुशाल ठेवा. दाखल्यावर काना तेवढा चढू देऊ नका.