धरणातल्या माशाला जीपीएस बसवता येतो का?

हिडकल धरणाची गेटं उघडली की कटला-रोहू पाण्याबरोबर खाली घटप्रभा नदीत जातात, म्हणून पुढच्या वर्षी मासा कमी पडतो, असं मासेमारीचा ठेकेदार तुमच्या मच्छीमार सोसायटीला सांगतो. ते तपासायला जीपीएस बसेल का, आणि बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडतानाच बसवावा का, असं तुम्ही विचारलंय.

जीपीएस विसरा. उपग्रहाचा सिग्नल पाण्यात शिरला की तिथंच संपतो. समुद्रात ट्यूनाला लावतात तो उपग्रह टॅगही पाण्याखालून काही पाठवत नाही. ठरल्या दिवशी सुटून वर तरंगतो आणि मग साठवलेली माहिती पाठवतो. धरणात चालतो तो आवाजाचा टॅग: टॅग माशाच्या पोटात, रिसीव्हर पाण्यात दोरीला, मासा काहीशे मीटरच्या आत आला की नंबर आणि वेळ नोंदली जाते. रिसीव्हर लाखाच्या वर, टॅग वीस-तीस हजारांच्या घरात. शिवाय गेट उघडल्यावर बुडबुडे आणि खळखळाटात टॅगचा आवाज बुडतो, म्हणजे ज्या आठवड्याचं तुम्हाला बघायचंय नेमका त्याच आठवड्यात रिसीव्हर बहिरा. एक गेटच्या वर आणि दोन खाली नदीत, एकमेकांपासून लांब, असे लावले तरच मासा खरंच उतरला हे छातीठोक सांगता येतं. सोसायटीच्या पैशात हे बसत नाही.

तुम्हाला टी-बार टॅग पुरे. कपड्यांच्या दुकानात किमतीचं लेबल मारतात तसलीच गन, पुढं पोकळ सुई, आणि नंबर छापलेली प्लॅस्टिकची बारीक नळी. मासा ओढजाळ्यातला घ्या. कांडाळीत, म्हणजे मासा कल्ल्यात अडकवणाऱ्या उभ्या जाळ्यात, सापडलेल्याचे कल्ले बहुतेक आधीच फाटलेले असतात. हात ओले, मासा ओल्या फडक्यावर. पाठीच्या पराच्या बुडाशी एक खवला काढा, सुई डोक्याच्या दिशेनं तिरकी घाला, म्हणजे नळी शेपटीकडं पडते. टी-चा आडवा दांडा पराखालच्या काट्यांच्या मागं अडकला पाहिजे. ट्रिगर दाबा, गन पाव वळसा फिरवा, मग सुई बाहेर. नळी हलकेच ओढून बघा. नुसत्या मांसात बसलेला टॅग चार दिवसांत गळतो, आणि नवशिक्यांचे बहुतेक असेच बसतात. सुई बोथट झाली की बदला, खवल्यानं तुंबते तेव्हा तारेनं साफ करा. वीस सेंटीमीटरच्या खालच्या माशाला मारू नका. काम पहाटे, आणि मे महिन्यात मुळीच नाही. टॅग मारलेला मासा एक दिवस हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) ठेवून, मेलेले वजा करून मगच सोडा. वहीत नंबर, जात, मिलिमीटरमध्ये लांबी, वजन, तारीख आणि सोडल्याची जागा.

इथपर्यंत सगळे नीट करतात. पुढं माती होते. सीमाभागातल्याच एका जलाशयावर मी या कामात होतो. टॅगवर ऑफिसचा लँडलाइन छापलेला. जाळं पहाटे पाचला निघतं, मासा आठच्या आत विकला जातो, आणि फोन उचलणारा साहेब साडेदहाला येतो. पत्रक फक्त इंग्रजीत. भोयांनी टॅग पोरांना खेळायला दिले, काहींनी मुद्दाम लपवले, कारण जागा सांगितली तर आपण हद्दीबाहेर जाळं टाकतो हे ठेकेदाराला कळेल. टॅग परत आले नाहीत. अहवालात काय लिहिलं? 'मासे जलाशयाबाहेर स्थलांतरित.' तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणतो: परत न आलेला टॅग म्हणजे गेलेला मासा नव्हे. तो मेलेला, टॅग गळलेला, न पकडलेला किंवा पकडून न कळवलेला असू शकतो. या चारांचा हिशेब न लावता 'गेला' म्हणणं म्हणजे ठेकेदाराच्या तोंडचंच वाक्य शिक्का मारून देणं.

हिशेब लावता येतो. काही माशांना दोन-दोन टॅग मारा. एकच टॅग घेऊन येणारे किती त्यावरून गळतीचा अंदाज येतो. न कळवण्याचा अंदाज बक्षिसावरून. समजा १०० टॅगवर साधं बक्षीस १०० रुपये ठेवलं आणि वेगळ्या रंगाच्या १०० टॅगवर १,००० रुपये. साधे ४ आले आणि भारी १६, तर साध्यातला चारांतला एकच कळवला जातोय. अट एवढीच की मोठं बक्षीस कुणालाही सोडवणार नाही इतकं मोठं हवं, आणि दोन्ही रंग एकाच दिवशी, एकाच जागी, सारख्याच मापाच्या माशांना मारलेले हवेत.

नळीवर फक्त नंबर, रुपयाचं चिन्ह आणि मोबाइल, तोही इंग्रजी आकड्यांत, कारण फोन लावताना सगळे तेच बघतात. बाकी मजकूर फलकावर, मराठी आणि कन्नड दोन्हीत, होड्या लागतात तिथं आणि हुक्केरी-संकेश्वरच्या मासळी बाजारात. खालच्या अंगाला गोकाककडंही लावा. मासे नदीत उतरले असतील तर ते पकडणारा माणूस तुमच्या धरणावर कधी येतच नसतो, आणि सगळे विसरतात ते इथंच. पैसे जागेवर रोख. कुठं पकडला हे ठेकेदाराला सांगणार नाही, हा शब्द द्या आणि पाळा. व्हॉट्सअॅपवर टॅगचा फोटो आणि लोकेशन आलं तर सोन्याहून पिवळं.

एक खोट मान्य करतो: नळी कांडाळीत अडकते, त्यामुळं टॅगवाला मासा इतरांपेक्षा जास्त सापडू शकतो. वर शेवाळ चढून नंबर दिसेनासा होतो, म्हणून तो नळीच्या दोन्ही टोकांना छापून घ्या.

आणि हो, बोटुकली. आठ-दहा सेंटीमीटरच्या पिल्लाला यातलं काही झेपत नाही. पोटातल्या टॅगचं वजन माशाच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवतात, म्हणजे १० ग्रॅमच्या टॅगला मासा अर्ध्या किलोचा हवा. पर कापून खूण केली तर तो पुन्हा उगवतो. हॅचरीतच पिल्लं रंगद्रव्याच्या पाण्यात ठेवून कानातल्या हाडावर खूण उमटवता येते, पण ती बघायला मासा मारून ते हाड सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं. त्यासाठी सोसायटीनं मत्स्य महाविद्यालय गाठावं.